सातव्या चौकटीतली कुसळी

आमच्या वाडीमागची बरड तातेराव मधवाल्यानं जाळली, हे शेंबडं पोरगंही सांगेल. धावडा गावच्या बाजारात विचारा, तिथंही हेच सांगतील. खरी गोष्ट अशी, की बरड माझ्या सासऱ्यांच्या हातून जळाली आणि त्या वेळी लिंबाची ओली डहाळी घेऊन मी त्यांच्या शेजारी उभी होते. तीन पावसाळे मी हे कुणाला सांगितलं नाही. आता सांगते आहे म्हणून मला धीराची बाई समजू नका. धीराची असते तर तीन पावसाळे कशाला लागले असते?

बरड म्हणजे अजिंठ्याच्या रांगेतून आमच्या बाजूला उतरलेली खडकाळ सोंड. धावडा, पळस, सलई, टेंभुर्णी, मधेमधे बोरी आणि खाली गवतच गवत. माझं माहेर अंबडकडचं, अंतरवालीच्या शिवारातलं. तिकडं नजर पोचेल तिथवर कापूस नाहीतर सोयाबीन. लग्न होऊन इथं आले तेव्हा घरामागं एवढं रान बघून मी हरखून गेले होते. पण बघायचं ते लांबूनच, कारण सून एकटी बरडीवर कशाला जाईल? नवरा परमेश्वर जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. घरात सासू आसराबाई, सासरे आबाराव, साठ मेंढरं आणि मी. मेंढरांना तरी रोज बाहेर काढत.

कुसळीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कुसळी हे बरडीवरचं गवत. पावसात कोवळं असतं तेव्हा मेंढरं आवडीनं खातात. दिवाळीच्या सुमाराला त्याला कुसळं येतात, सुईसारखी टोकदार, मागं लांब शेपूट असलेली. ती लोकरीत शिरतात, लोकरीतून कातड्यात. कातरणीच्या वेळी कातर जागोजाग अडते आणि मेंढरू रक्तबंबाळ होतं. म्हणून मामा, म्हणजे माझे सासरे, दरसाल शिमग्याच्या आधी कातरणीच्या जागेभोवतीची वाळकी कुसळी जाळून काढत. त्यांचे वडीलही असंच करत. पहाटे दव असताना, वारा पडलेला असताना, एका वेळी खाटेएवढीच जागा घ्यायची. एकानं काडी लावायची आणि दुसऱ्यानं ओल्या डहाळीनं कड झोडपत राहायचं. हा दुसरा म्हणजे परमेश्वर. त्या वर्षी त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मामांनी मला सोबत घेतलं.

बरडीवर जायला मिळणार म्हणून मी रात्रभर आनंदात होते. पण सकाळी सैपाकपाणी उरकून निघेस्तोवर उशीर झाला. पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि दव उडालं होतं. मामांनी गवताला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे. उद्या जल्दी येऊ." मीच म्हणाले, "आलोच आहोत तर करून घेऊ ना, मामा." उद्या सासू मला सोडेल याचा भरवसा नव्हता. मामा जरा थांबले, मग त्यांनी काडी ओढली.

पहिले दोन पट्टे बराबर जळाले. तिसऱ्याला खालून वारा आला. मी डहाळी मारायची आणि ठिणग्या आणखी पुढं उडायच्या. आग पायवाट ओलांडून गेली तेव्हा मामा ओरडले, "डहाळी टाक अन् पळ!" मी टाकली आणि पळाले. ओढ्यात त्यांनी मला हातपाय, तोंड धुवायला लावलं. "तू बरडीवर गेल्तीच न्हाई," ते म्हणाले. "कुनी इचारलं तर घरीच व्हते म्हनायचं. बिलकुल दुसरं काई न्हाई." त्यांना स्वतःला वाचवायचं होतं हे खरं. पण नव्या सुनेच्या नावाला डाग लागू नये हेही त्यात होतं. आणि 'तू म्हणालीस म्हणून काडी लावली' हे वाक्य त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांच्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. निघालं असतं तर बरं झालं असतं. भांडले तरी असते.

बरड दीड दिवस जळत होती.

तिसऱ्या दिवशी खंडोबाच्या देवळापुढं सगळी वाडी जमली. सरपंच रामराव यांनी ताटात भंडारा ठेवायला लावला. घरटी एकेका पुरुषानं पुढं यायचं, भंडारा उचलायचा आणि 'मी लावली नाही' म्हणायचं. आमच्याकडं कोर्टात खोटं बोलणारे पुष्कळ सापडतील, पण हातात भंडारा घेऊन खोटं बोलणारा सापडायचा नाही. मामांची पाळी आली. ते उठले, भंडारा उचलला आणि ते शब्द म्हणाले. ते दरसाल कुसळी जाळतात हे वाडीला ठाऊक होतं, पण भंडारा उचलल्यावर कोण शंका घेणार? मी बायकांमध्ये बसले होते. सासूनं माझा हात घट्ट धरला, तेव्हा मला कळलं की तिलाही माहीत आहे. आम्ही दोघं त्या सकाळी कुठं गेलो होतो हे तिला माहीत नसेल तर कुणाला? पण आपलेच दात, आपलेच ओठ.

मग तातेरावांची पाळी आली. तातेराव वाडीच्या कडेला एकटे राहायचे. बरडीच्या पलीकडच्या कड्यावर आग्या मोहळं असायची, ती धूर करून झाडायची आणि मध विकायचा, हा त्यांचा धंदा. वाडीत मूल जन्मलं की पहिला मध त्यांच्याच बाटलीतला चाटवायची रीत होती. ते ताटापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "म्या आग लावली न्हाई. पन भंडारा काई उचलनार न्हाई."

"का उचलनार न्हाई?" रामरावांनी विचारलं.

"न्हाई उचलनार, झालं."

झालंच. धूर करणारा माणूस, त्या दिवशी कड्यावर गेलेला, आणि वर भंडारा नाकारतो! आणखी काय पुरावा लागतो? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्यांना कुणी मारलं नाही की दंड केला नाही. फक्त त्यांच्याशी बोलायचं बंद झालं, लग्नाकार्याला बोलवायचं बंद झालं आणि त्यांचा मध बंद झाला. वर्षभरानं माझी प्रांजली जन्मली, तिला सासूनं दुकानातल्या बाटलीतला मध चाटवला. बाळंतिणीच्या खाटेवर पडून मी ते बघत होते. बायकांना भंडारा उचलायला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळं मी सुटले असं मला सुरुवातीला वाटलं होतं.

त्याच बैठकीत ठरलं की तीन पावसाळे बरडीवर बंदी. खूर नाही, विळा नाही, कुऱ्हाड नाही. बंदीला पहिला होकार मामांनी दिला. साठ मेंढरांचा धनी स्वतःहून चराई सोडतो म्हणून लोकांनी वाहवा केली. मामा मान खाली घालून बसले होते.

आता माझी गंमत ऐका. वनखात्याच्या प्रीती मॅडम आल्या. आमच्या भागाच्या वनरक्षक, मोटारसायकलवर येणाऱ्या, माझ्याच वयाच्या. बरडीवर काय काय परत उगवतं याची दर महिन्याला गणती करायला वाडीतलं शिकलेलं माणूस हवं होतं. बारावी सायन्स झालेली एकच निघाली, ती मी. सासू नको म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात मामा म्हणाले, "जाऊ द्या तिला." त्यांनी मला बरडीची वाट अशी मोकळी करून दिली. रान जाळलं नसतं तर मला ते कधी बघायला मिळालं नसतं. असल्या उपकाराचं माणसानं काय करावं?

बरडीवर ठिकठिकाणी मिळून बारा चौकटी आखल्या, दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद. प्रत्येकीच्या चार कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या. खुंट्यांना दोर बांधायचा, आत फिरायचं आणि वहीत लिहायचं. सातवी चौकट नेमकी आमच्या कातरणीच्या जागेवर आली. प्रीती मॅडमनी ती नकाशा बघून टाकली होती. त्यांना काय माहीत?

पहिल्या महिन्यात मोजायला काहीच नव्हतं. काळी राख आणि तडकलेले दगड. चालताना पायाखाली कोळसा चुरचुरायचा. मी प्रत्येक जळक्या खोडापुढं 'मेलेला' लिहीत गेले. मॅडम म्हणाल्या, "मेलेले मोजू नकोस, थांब जरा." एप्रिल संपत आला, आभाळात ढगाचा टिपूस नाही आणि जळक्या बुडख्यांच्या भोवती टेंभुर्णीचे तांबूस कोंब वर आले. मग पळसाला पानं फुटली. जो धावडा मी मेलेला लिहिला होता त्याच्या बुंध्यातून एकदम अकरा फुटवे निघाले. मॅडमनी खुरप्यानं माती उकरून दाखवली. वरची दोन बोटं माती भाजली होती, खाली मुळं ओली आणि जिवंत. आग वरचं खाते, खाली तिचा हात पोचत नाही. त्या दिवशी मी बरडीवर बसून रडले. मॅडमना वाटलं आनंदानं रडते आहे.

त्या वर्षी पाऊस रडतखडतच झाला. तरी राखेतून टाकळा उगवला, तरवड उगवला. त्यांची बी इतकी टणक असते की ती आगीत तडकली म्हणजेच लवकर रुजते. मुंग्यांनी वारुळं उकरली, रोही, म्हणजे नीलगायी, परत येऊन कोवळं खाऊन गेले. दुसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला आणि पवन्या गवत आलं, मारवेल आलं. ज्या वाळक्या फांद्यांवर पाखरं बसायची त्यांच्या बरोबर खाली बोरीची रोपं निघाली. तिसऱ्या वर्षी तर पावसानं झोडपून काढलं. धावड्याचे फुटवे माझ्या छातीला लागले आणि तितरं पायाजवळून उडू लागली. बाळंतपणाचे तीन महिने सोडले तर मी एक महिना चुकवला नाही. रानाचं मला वेड लागलं होतं, हे कबूल करते.

पण बरडीची वाट तातेरावांच्या दारावरून जाते. ते दारात बसून दोर वळत असायचे. मी परत येताना दिसले की एवढंच विचारायचे, "धावडा किती?" मी चौकटीगणिक आकडा सांगायची. ते मान हलवायचे आणि मी पुढं व्हायची. वाडीत त्यांच्याशी बोलणारी मी एकटी, आणि तेही आकड्यापुरतं. काही वेळा ते म्हणायचे, "सलईला बघ, ती उशिरा फुटती," किंवा "कड्याखाली बेहडा व्हता एक, त्यो हाये का?" मी म्हणायची, "आहे, काका." पन्नास पावलं पुढं गेल्यावर मी थांबायची, मागं वळायचं ठरवायची आणि घरी यायची. दर महिन्याला हेच.

सांगितलं तर काय होणार ते मला पाठ होतं. भंडारा खोटा उचलला म्हटल्यावर मामांना वाडीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. परमेश्वर म्हणाला असता, माझ्या बापाला उघडं पाडणारी बायको मला नको. नाही सांगितलं तर तातेराव दारात होतेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरात तर आणखीच कोंडमारा. मामा आता मेंढरं घेऊन दुसऱ्यांच्या बांधाबांधानं शिव्या खात फिरायचे. चाळीसच उरली होती. एखादं मेंढरू मेलं की ते त्याच्याजवळ बसून राहायचे. एकदा मी त्यांना हळूच म्हणाले, "मामा, सांगून टाकू." ते म्हणाले, "भंडारा उचललाय म्या, पोरी. आता मागं यायला वाट न्हाई." त्यानंतर त्यांनी कपाळाला भंडारा लावलेला मी पाहिला नाही. सासूनं एकदा ताट पुढं केलं तर उठून मेंढरांकडं गेले.

आणि सातवी चौकट. बाकी अकरा चौकटींत झाडं मोजता मोजता वहीची पानं संपायची. सातवीत नुसती कुसळी. धावडा शून्य, पळस शून्य, बोर शून्य. तिन्ही वर्षं. दिवाळी झाली आणि बंदी उठवायची बैठक ठरली. जिथली झाडं कमरेच्या वर गेली तिथलं गवत कापायला मोकळं करायचं, बाकीचं बंद ठेवायचं. कुठलं मोकळं आणि कुठलं बंद, ते माझी गणती वाचल्यावर ठरणार होतं. बैठकीच्या चार दिवस आधी मॅडम सातव्या चौकटीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक कुसळ उचललं. तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला. कुसळाची शेपूट आपोआप पिळा घेऊन फिरायला लागली.

"असं फिरून फिरून बी जमिनीत घुसतं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून आगीत वाचतं. दुसऱ्या झाडांची रोपं जळतात आणि याला रान मोकळं मिळतं. जितकं जाळाल तितकी कुसळी वाढते. इथं एकदा नाही, वर्षानुवर्षं जाळलेलं आहे, मोनिका. वणवा इथूनच सुटला असणार. कड्याकडची झाडं बघ, तिथं आग सगळ्यात शेवटी पोचली. इथं मेंढरं घेऊन कोण बसायचं?"

मामांनी, त्यांच्या वडिलांनी, त्यांच्याही वडिलांनी कुसळी संपवायची म्हणून जाळली आणि पिढ्यान्‌पिढ्या कुसळीच पेरत आले. मला हसू येत होतं आणि उमाळाही येत होता. मी म्हणाले, "माहीत नाही, मॅडम."

"बैठकीत बघू. मी फोटो काढायला त्या दिवशी सकाळी येते."

मी घरी हे सांगितलं. मामांच्या आधी सासूच म्हणाली, "चौकट हालव. चार खुंट्या तर हायेत. धावड्याच्या झाडीत नेऊन ठोक. फोटूत झाडं दिसली म्हंजे बैठकीत कोन इचारतंय?" मी मामांकडं बघितलं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "ती म्हनती तसं कर." तीन वर्षांत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी नाही कशी म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पहार घेऊन गेले आणि चारही खुंट्या उपटल्या. पावसानंतर जमिनीनं त्या घट्ट धरून ठेवल्या होत्या, तळहात सोलवटले. खुंट्या ओढणीत बांधल्या आणि धावड्याच्या दिशेनं चार पावलं गेले. पुढं पाय उचलेना. या बरडीवर मी बाकी सगळं खरं लिहिलं होतं. तेवढंच एक माझं होतं. खुंट्या घेऊन मी खाली उतरले, कुठं जायचं हे न ठरवता. ओढणीतल्या लोखंडाचा आवाज होत होता.

तातेराव दारात होते. त्यांनी धावड्याचा आकडा विचारला नाही.

"सातवीच्या काढल्या काय?" ते म्हणाले.

मी खालीच बसले. सगळं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"मला काय सांगती? म्या वर कड्यावर व्हतो ना. समोरच तर दिसतंय. आबारावानं काडी लावली, डहाळी तुह्या हातात व्हती. लई झोडपलं तू. मंग टाकून पळाली."

"मग बैठकीत का नाही बोललात, काका? भंडारा का नाही उचलला?"

"आबारावानं माह्या डोळ्यादेखत उचलला. त्याच ताटात हात घालायची लाज वाटली मला." ते दोर वळत राहिले. "अन् बोललो असतो तर कोन आयकनार व्हतं? भंडारा उचललेल्या मानसापुढं माहं काय चालनार? त्याची वाट तर त्यानंच बंद केली. पन तुही उघडी व्हती. तुला कुनी भंडारा उचलायला लावला नव्हता. मला वाटलं, ही पोरगी सांगंल. आज न्हाई तर म्होरल्या महिन्यात सांगंल. म्या दर महिन्याला तुही वाट पाह्यली."

धावडा किती, हे विचारण्यामागं हा माणूस दर महिन्याला माझ्या तोंडाकडं बघत होता आणि मी त्याला आकडा देऊन जात होते. मामा अडकले, मी अडकले, असं मी घोकत बसले होते. माझ्या पायात तर कसलीच बेडी नव्हती. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

"बैठकीला चला, काका," मी म्हणाले. "मी सांगते."

"तू सांग का नको सांगू. म्या आता वाट पाहत न्हाई." ते उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं.

मी बरडीवर परत गेले आणि चारही खुंट्या होत्या त्याच भोकांत ठोकल्या.

बैठक देवळापुढंच भरली. प्रीती मॅडम फोटो काढून आल्या होत्या. रामराव म्हणाले, "वाच, पोरी." मी उभी राहिले आणि वाचायला लागले. पहिली चौकट, धावडा एवढा, पळस एवढा. लोक खूश होऊन ऐकत होते, एकमेकांना कोपरानं ढोसत होते. कोणता उतार कोणाला मिळेल याचे हिशेब चालले होते. सहावी झाली. मामा पहिल्या रांगेत बसले होते. घरून निघताना मी त्यांना खुंट्या जागेवरच आहेत एवढं सांगितलं होतं. त्यांनी पटका बांधता बांधता नुसतं "बरं" म्हटलं होतं.

"सातवी चौकट," मी वाचलं. "धावडा शून्य. पळस शून्य. बोर शून्य. फक्त कुसळी. कारण तिथं दरसाल जाळतात. ती जागा आमच्या कातरणीची आहे. त्या वर्षी आम्हीच जाळत होतो, आणि वणवा तिथून सुटला. मामा उद्या करू म्हणत होते. आजच करू असं मी म्हणाले. डहाळी माझ्या हातात होती, ती टाकून मी पळाले. तातेराव काकांनी काही केलेलं नाही. त्यांनी आम्हाला बघितलं होतं."

मागं बायकांमध्ये सासूनं "अगं बाई" म्हटलं, तेवढंच ऐकू आलं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, कुणी मामांच्या अंगावर धावून जाईल. कुणी हललं नाही. सगळे खाली बघत होते. मग लक्षात आलं, की मामा खोटे ठरले तर तीन वर्षं तातेरावांच्या दारावरून मान फिरवून गेलेले सगळेच उघडे पडत होते. रामरावांनी वहीकडं बोट केलं.

"बरं," ते म्हणाले. "झालं ते झालं. रान तर आलंच हाये ना परत. आठवी वाच."

मी वही मिटली. "आधी काकांना बोलवा. मग वाचते."

"ते येत न्हाईत कुठं, तुला म्हाईत हाये."

"मग राहू द्या. आठवी काकांच्या पुढं वाचीन."

मी वही मांडीवर घेऊन खाली बसले. उरलेल्या पाच चौकटी वाचल्याशिवाय एकालाही विळा लावता येत नव्हता. बरडीवर गवत कमरेएवढं पिकून उभं होतं. लोक मॅडमकडं बघू लागले. मॅडम म्हणाल्या, "गणती तिची आहे." ऊन देवळाच्या पायरीवर आलं. शंभर माणसांतून तातेरावांच्या दारापर्यंत जायला एकही उठला नाही. आता सगळी वाडीच अडकून बसली होती.

शेवटी मामा उठले. दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. लोकांनी त्यांना वाट करून दिली. माझ्यापाशी येऊन ते थांबले.

"त्यो येईल का गं?" त्यांनी विचारलं.

लावलेलं दार माझ्या डोळ्यांपुढं होतं. एवढं झाल्यावर आता मला खोटं बोलायचं नव्हतं.

"मला नाही वाटत, मामा."

"मंग?"

"तरी तुम्ही जा."

ते गेले.